सहदेवाचा खांदेकरी

धोंडू परबाला साठी उलटल्यावर व्यायामाचं वेड लागलं, तेव्हा घाटकोपरच्या डोंगरावरची अख्खी चाळ हसली. हसू दे. म्हातारा कशासाठी घाम गाळतोय ते त्याचं त्याला ठाऊक होतं. समोरच्या खोलीतल्या सहदेवाच्या तिरडीला त्याला खांदा द्यायचा होता.

दोघे कणकवलीकडच्या एकाच वाडीतले. सहदेवाला मुंबईत आणला धोंडूने, गिरणीत चिकटवला धोंडूने, साच्यावर, म्हणजे मागावर, कसं उभं राहायचं ते हाताला धरून शिकवलं तेही धोंडूनेच. सहदेव म्हणजे नुसता रेडा. कबड्डीत चौघं अंगाला लोंबकळली तरी रेघेला हात लावायचाच. एका शिमग्याला पिऊन आडवा झाला, तेव्हा त्याला पाठुंगळी घेऊन धोंडू डोंगर चढला आणि पुढे आठवडाभर त्याला मान वळवता येईना. एवढा जीव लावलेला माणूस! आणि ब्याऐंशीच्या संपात हाच मागच्या दाराने कामावर गेला. बरं, गेलास तर गेलास, पण उभा कुठे राहिलास? धोंडूच्याच साच्यांवर!

संपाची वाट लागली, धोंडूची नोकरी गेली. अंधेरीच्या एका कारखान्याच्या फाटकावर काठी घेऊन बसायची पाळी आली. बायको जानकी चार घरची भांडी घासायला लागली. समोरून मात्र तळलेल्या सुरमईचा वास यायचा आणि धोंडूच्या तळपायाची आग मस्तकात जायची. शेवटी एका सकाळी, नळावर सगळी चाळ जमलेली असताना, तो सहदेवाच्या अंगावर धावून गेला.

"तुका खांद्यार घेवन पोचयल्याबिगर मी मरूचंय नाय! आयकलंस?"

सहदेव हंडा उचलून आत गेला.

सत्त्याऐंशीत धोंडूला न्यूमोनिया झाला. पालिकेच्या इस्पितळात टाकला. ताप उतरला, खोकला थांबला, पण माणूस खाटेला चिकटला तो चिकटलाच. जानकी दोन्ही वेळा डब्यातून पेज आणायची. आजारी माणसाला पेज आणि पडून राहणं, हेच तिच्या आईने केलेलं आणि आजीनेही. धोंडूच्या मांड्यांवरची कातडी लोंबायला लागली. एकदा मोरीपर्यंत जायला उठला तर गुडघे लटपटले आणि खाली बसला तो वॉर्डबॉयने उचलला.

त्याच आठवड्यात सहदेव मोसंबी घेऊन आला. पाच वर्षांत पहिल्यांदा. स्टुलावर मावत नव्हता एवढा तगडा. खाटेकडे बघून त्याचे डोळे भरून आले.

"धोंडू, उठा नको. पडान रव. पेज खा, बरो होतलंस."

धोंडूने भिंतीकडे तोंड केलं. ह्याला मी पडलेलाच हवाय! तिरडी माझी उठेल आणि खांदा हा देईल, आणि नळावरची बाया-माणसं म्हणतील, बघा, सहदेव केवढ्या मनाचा! ह्या विचाराने त्याला रात्रभर झोप आली नाही.

सकाळी व्यायाम करून घेणाऱ्या नंदाबाई वॉर्डात आल्या. रोज यायच्या आणि रोज धोंडू झोपेचं सोंग घ्यायचा. आज त्यानेच हाक मारली.

"बाई, खांदा द्यायला ताकद लागते ना?"

"कुणाला खांदा?"

"आहे एक."

नंदाबाई हसल्या. मग खाटेवर टेकून नीट सांगू लागल्या. "बाबा, तुमचा आजार गेलाय. आता हे पडून राहणंच तुम्हाला खातंय. ह्या वयात पंधरवडा खाटेवर काढला की मांस झडतं, आणि झडलेलं सहजी परत येत नाही. पेजेने पोट भरतं, मांस नाही भरत. अंडी, मासे, डाळ, दूध, जे पचेल ते प्रत्येक जेवणात हवं. आणि उठायचं. नुसतं खाल्लंत तर अंगी लागणार नाही, नुसतं उठलात तर गळून जाल. दोन्ही हवं."

दुपारी जानकी पेज घेऊन आली.

"ही पेज घेवन जा. अंडी घेवन ये."

"आजारपणात अंडी? उष्ण पडतली तुमका!"

"पडांदे! घेवन ये म्हणतंय ना!"

मग जानकी उकडलेली अंडी आणायला लागली, मुगाची घट्ट आमटी, बांगड्याचं तिखलं. धोंडू खायचा आणि खाटेच्या कडेला बसून उठायचा. पुन्हा बसायचा, पुन्हा उठायचा. प्रत्येक उठण्याला दात-ओठ खाऊन म्हणायचा, "उठ, मेल्या सहदेवा!" शेजारच्या खाटेवरच्या माणसाला वाटलं, म्हाताऱ्याचं नावच सहदेव. हळूहळू पायांत जोर येऊ लागला. पाण्याने भरलेल्या बाटल्या हातात घेऊन तो दंड वर-खाली करायचा. आणि नंदाबाईंनी न सांगितलेला व्यायाम म्हणजे गुंडाळलेली गादी खांद्यावर घेऊन वॉर्डात फिरायचा. घरी गेला तो डोंगराच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढून, सहदेवाच्या दारासमोर मुद्दाम खाकरून. घरीही अंडी आणि उठाबशा सुटल्या नाहीत.

पुढल्या वर्षी सहदेवाला टायफॉइड झाला. महिनाभर इस्पितळात काढून घरी आला तो झोळीतून. धोंडू बघायला गेला. जायलाच हवं होतं, एवढी मेहनत केलेली! सहदेवाचे गाल बसले होते. बायको सुलक्षणा उशाशी वाटी घेऊन बसली होती.

"धोंडू," सहदेव म्हणाला, "तू कसो उठलंस रे? माका सांग."

धोंडूच्या जिभेवर सगळं तयार होतं. अंडी, बांगडा, खाटेची कड. नंदाबाईंचा शब्द न् शब्द. मग त्याला ते साचे दिसले, त्यांच्यावर उभा असलेला हा दिसला.

"उठा नको," तो गोड आवाजात म्हणाला. "पडान रव. पेज खा, बरो होतलंस."

सुलक्षणाने मान डोलावली. बाहेर आल्यावर धोंडूने नाक्यावर मलईवाला चहा मागवला आणि मिटक्या मारत प्यायला. संपानंतर चहा त्याला कधी इतका गोड लागला नव्हता.

पावसाळा सरता सरता सहदेव गेला. चाळीच्या अंगणात तिरडी बांधली. धोंडू धुतलेला सदरा घालून पुढच्या डाव्या बांबूशी उभा राहिला. नळावरची गोष्ट सगळ्यांच्या लक्षात होती. तेवढ्यात सुलक्षणा आली आणि तिने धोंडूपुढे हात जोडले.

"भावोजी, तुमी सांगितलास तसाच केलंय मी. पेजेशिवाय काय दिलंय नाय. एक दिस खाटीवरसून उठाक दिलंय नाय."

धोंडूने घाईने बांबूला हात घातला. चौघे वाकले. त्याने पाय रोवले, दात आवळले आणि कमावलेलं सगळं बळ लावून बांबू उचलला. त्याची बाजू भसकन वर गेली. तिरडी कलंडली.

"धोंडूकाका, सावकाश!" मागचा पोरगा ओरडला. "वजन काय नाय हो!"

वजन खरंच नव्हतं. बांबू होते, कडबा होता, हार होते. शिमग्याला पाठीवर घेतलेला तो रेडा कुठेच नव्हता.

उतारावर खांदा बदलायला माणसं पुढे आली. धोंडूने बांबू सोडला नाही. वळणावर मान कलती करून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तो कापडाशी बोलला.

"उठाक होया होता रे, मेल्या. माझा कशाक आयकलंस?"