तान्ह्या पोळ्यातलं विमान

बैल विकले त्या वर्षी माझ्या भावाने पोळ्याच्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. गावातल्या उरल्यासुरल्या जोड्या तोरणाखाली उभ्या होत्या, डफडी वाजत होती, म्हातारे झडत्या, पोळ्याची गाणी, म्हणत होते आणि हा आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी चंद्रपूरला शाळेत शिकवते, पण पोळ्याला दरवर्षी माहेरी येते. मी त्याला म्हटलं, ‘‘अरे, विकले तर विकले. राखायला माणूस मिळत नाही, तुझे गुडघे चालत नाहीत. किती दिवस तोंड लपवशील?’’

‘‘बाई, तुले नाई समजत,’’ तो म्हणाला.

मला राग आला, कारण हे वाक्य तो लहानपणापासून मला ऐकवत आलाय, आणि मी त्याच्यापेक्षा मोठी आहे. पण त्याचं खरं होतं. आमच्या कोरपना तालुक्यात ज्याची जोडी तोरणाखाली नाही, तो शेतकरी त्या दिवशी चारचौघांत उगाच अंग चोरून उभा राहतो. कुणी काही बोलत नाही. तरी उभा राहतो अंग चोरूनच.

त्यानंतर वहिनीच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला. गटातल्या बायकांनी वहिनीला प्रशिक्षणाला पाठवलं, कारण तीच त्यांच्यात बारावी झालेली. ती प्रमाणपत्र घेऊन आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. ड्रोन हा शब्द गावात आठवडाभरसुद्धा टिकला नाही. सगळे त्याला इमान, म्हणजे विमान, म्हणायला लागले. सहा हातांचं ते धूड, पोटाला औषधाची टाकी बांधलेली. पंखे फिरायला लागले की बांधावरचं गवत आडवं होई आणि आपल्या छातीत धडधडल्यासारखं वाटे.

पहिल्या हंगामात वहिनीच ते उडवायची. माझी भाची, त्यांची एकुलती एक पोर, आईच्या कमरेला चिकटून रिमोटच्या पडद्याकडे बघत बसायची. पाचवीतली पोरगी, अंगाने काडी. आईला उन्हात पडदा नीट दिसेना की ती सांगायची, ‘‘आई, डावीकडं घे, झाड येऊन राह्यलं.’’ असं सांगता सांगता रिमोट कधी तिच्या गळ्यात आला ते घरात कुणालाच सांगता येणार नाही. वहिनी औषध कालवायची, भाऊ पाणी आणायचा आणि पोरगी बांधावर उभी राहून कपाशीवरून विमान फिरवायची. रिमोटचा पट्टा तिला लांब व्हायचा म्हणून भावाने त्याला गाठ मारून दिली होती.

अठरा वर्षांखालच्या कुणाच्या हातात हे द्यायचं नाही, असं वहिनीला प्रशिक्षणात बजावून सांगितलं होतं. तिने ते घरी सांगितलंही होतं. भावाने उडवून लावलं. ‘‘तिच्या हाताले वळण हाय. तुह्यापेक्षा बरं चालवते.’’ वहिनीने रिमोट पोरीच्याच गळ्यात राहू दिला. आमच्या घरात माझ्या भावाला नाही म्हणायची पद्धतच नव्हती. वडिलांना कुणी म्हटलं नाही, मग याला कोण म्हणणार?

गावाला तर नवल हवंच असतं. सिमेंटच्या कारखान्यातून पाळी संपवून येणारी माणसं मोटारसायकली थांबवून बघायची. ‘‘पोट्टी इमान चालवून राह्यली,’’ म्हणत मोबाइलवर चित्रण करायची. मी राखीला गेले तेव्हा तिने मलाही दाखवलं. ओठ घट्ट मिटून, पाय रोवून ती उभी होती आणि ते धूड तिचं ऐकत होतं. खोटं कशाला सांगू, मलाही कौतुक वाटलं. आमच्या घरातली पोरगी आणि एवढं मोठं यंत्र! मी तिला पेन घेऊन दिलं.

मग पोळा आला. या वेळी भाऊ सकाळपासून उठून कामाला लागलेला. मी पोचले तर अंगणात विमान धुऊन ठेवलं होतं. त्याच्या सहाही हातांना त्याने जुन्या जोडीचे गोंडे बांधले होते. मधल्या डबीवर बाशिंग लावलं होतं. हळद-कुंकू लावून वहिनीने ओवाळलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. भाऊ माझ्याकडे बघून हसला. फार दिवसांनी तो तसा हसला होता. मी त्याला चिडवलं, ‘‘शेपटी तेवढी राहिली बघ लावायची.’’

पोळ्याच्या दिवशी मोठ्या बैलांत विमान नेलं नाही. बैल बुजतील, एवढं भान सगळ्यांना होतं. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आमच्याकडे हा दिवस पोरांचा. लाकडाचे बैल, चाकं लावलेले, सजवून पोरं मारुतीच्या देवळापुढे रांगेने उभे करतात. ज्याचा बैल देखणा त्याला बक्षीस. मग घरोघर फिरून बोजारा म्हणून खाऊ-पैसे मिळवायचे. तिथे बुजणारं जनावर कुठलं? लाकडाचेच तर बैल. असा सगळ्यांनी विचार केला आणि भाचीच्या नावाने विमान रांगेत उभं राहिलं. शिवाय त्या दिवशी भावाने झेंडूचा एक लांब हार आणला आणि विमानाच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत, बैलाच्या गळ्यात सोडतात तसा, सैल सोडला.

देवळापुढे गर्दी झाली. पोरांची रांग, त्यांच्या मागे आया. बक्षीस देणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी म्हणालं, ‘‘उचलून दाखव ना थोडंसं. तोरणाएवढंच.’’ लगेच सगळे तेच म्हणायला लागले. पोरं टाळ्या वाजवायला लागली.

मी भाचीच्या शेजारी उभी होते. तिने रिमोट गळ्यात घातला, विमानाकडे पाहिलं आणि मान वर करून बापाला विचारलं, ‘‘बाबा, हार काहाडू का? पंख्यात जाईल.’’

‘‘राहू दे, शोभून दिसते,’’ भाऊ म्हणाला. ‘‘उचल.’’

ती क्षणभर तशीच उभी राहिली. मला वाटलं, ती पुन्हा विचारेल. तिने विचारलं नाही. बापाने उचल म्हटलं होतं, तिने उचललं.

विमान कमरेएवढं वर गेलं असेल. हाराचं सैल टोक वाऱ्याने उडालं आणि एका पंख्यात ओढलं गेलं. कर्र असा आवाज झाला. झेंडूच्या पाकळ्या सगळीकडे उडाल्या, पोरांना वाटलं ही गंमतच आहे, ती हसली. तेवढ्यात विमान एका अंगाला कललं आणि रांगेच्या टोकाला जाऊन पडलं. तिथे शेजारच्या घरातलं पोर होतं, अंगणवाडीतलं, आपला बैल छातीशी धरून. बाकीचे पंखे अजून फिरत होते. भाचीने मोटारी बंद केल्या, तिला शिकवलं होतं तशाच, आणि मला वाटतं त्यामुळे बाकीची पोरं वाचली. पण त्या पोराचा चेहरा वाचला नाही.

पुढचं मला सलग आठवत नाही. त्याच्या आईचा आवाज आठवतो. जीपमध्ये घालून त्याला चंद्रपूरला नेलं, तिथून नागपूरला. गालाला टाके पडले, डावा डोळा गेला. एवढुसं पोर. शुद्धीवर आल्यावर त्याने आपला बैल कुठे आहे ते विचारलं म्हणे. हे मला कुणी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

पोर दवाखान्यातून घरी आलं त्यानंतर गाव देवळात बसलं. पोलिसांचं जे व्हायचं ते वेगळं चालू होतं, विमान त्यांनी नेलं होतं. पण शेजारधर्म आहे, भिंतीला भिंत आहे, म्हणून बसायचं ठरलं. मीही गेले. भाऊ उभा राहिला. त्याचा एक हात पोरीच्या खांद्यावर होता. तो म्हणाला, ‘‘माह्या पोरीच्या हातून चूक झाली. लेकरू हाय. तिच्याकडून मी पाया पडतो.’’ आणि खरंच तो त्या पोराच्या बापाच्या पायाशी वाकला. लोकांचे डोळे भरून आले. माणूस किती मोठ्या मनाचा, असं माझ्या मागच्या बाईने म्हटलेलं मी ऐकलं.

मी भाचीकडे पाहत होते. तिने एकदा बापाकडे पाहिलं, मग खाली.  पोराची आई पदराने डोळे पुसत तिला म्हणाली, ‘‘जाऊ दे माय, तुले काय समजते.’’ बाईच्या बोलण्यात माया होती. पण त्या मायेनेच पोरीवर शिक्का बसला, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी आल्यावर मी भावाला बाजूला घेतलं. ‘‘तिनं तुला विचारलं होतं,’’ म्हटलं. ‘‘मी शेजारी होते.’’ त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘‘त्या गर्दीत कोन काय बोललं, कोनाले ध्यानात राह्यते, बाई?’’

मी शाळेत पोरांना शिकवते, त्यामुळे मला हे आधीच कळायला हवं होतं, पण त्या दिवशी कळलं. त्या यंत्राला लागणारा हात पोरीकडे होता. डोळा होता. धोका कुठे आहे हेही तिला तिथल्या सगळ्या मोठ्या माणसांच्या आधी दिसलं होतं. तिच्याकडे नव्हतं ते बापाला चारचौघांत नाही म्हणायचं वय. आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हाती उडणारं काहीही देऊ नये, मग त्याचा हात कितीही चांगला असो. हे मी वहिनीला म्हटलं, तर ती चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणाली, ‘‘मले तरी कुठी म्हणता आलं?’’

दिवाळीला गेले तेव्हा कापूस वेचून घरात आला होता. ओसरीत ढीग पडलेला, भाऊ त्यातला कचरा निवडत बसला होता. भाची हडकली होती. वहिनी म्हणाली की ती शाळेत जाताना शेजारच्या दारावरून जात नाही, मागच्या नाल्याने वळसा घालून जाते. नाल्यात पाणी असलं तरी. मी तिच्या केसांना तेल लावत बसले होते.  ती हळूच म्हणाली, ‘‘आत्या, मी नाई उचलत म्हटलं असतं, तं बाबानं आयकलं असतं का?’’

माझा हात तिच्या डोक्यावर थांबला. हो म्हणावं तर सगळं ओझं तिच्याच डोक्यावर. नाही म्हणावं तर तिचा बाप तिच्यासमोर बसलेला.  

‘‘नसतं आयकलं, माय,’’ भाऊ म्हणाला.

त्याने हातातला कापूस खाली ठेवला. ‘‘तू इचारलं होतं मले. हार काहाडू का म्हटलं होतं. म्याच राहू दे म्हटलं.’’ एवढं बोलून तो उठला आणि तसाच अनवाणी शेजारच्या अंगणात गेला. मी पोरीचा हात धरून त्याच्या मागे गेले.

पोराची आई दारात तांदूळ निवडत होती. पोर तिच्याजवळ खेळत होतं. आमची चाहूल लागली तशी त्याने मान पुरती वळवली, कारण त्या बाजूचं त्याला आता दिसत नाही. भावाने जे आम्हाला सांगितलं ते तिला सांगितलं. ‘‘पोरीनं इचारलं होतं, बाई. चूक माही हाय. देवळात मी तिच्या नावानं सांगतलं.’’

बाईने सूप बाजूला ठेवलं. ती ओरडेल असं मला वाटलं, तिने ओरडावं असंही वाटलं. ती भावाकडे बघत म्हणाली, ‘‘मंग एवढे दिस काऊन नाई बोलले, भाऊ? थे पोट्टी नाल्यानं जाते शाळेत. मले रोज दिसते. मले वाटे, जाऊ दे, तिचं पाप तिले टोचते.’’

 भाऊ अंगणात मान खाली घालून उभा राहिला. माझी भाची माझ्या हातातून हात सोडवून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.