शहागडचा बारावा गडी

साळवे सर गेल्याचा फोन आला तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते. सरांची मुलगी अंबडहून बोलत होती. "काका, पप्पा गेले," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून काय निघावं? "कुठं छापलंय?" हसू नका. पन्नास वर्षांत त्या माणसानं मला एवढी एकच गोष्ट धड शिकवली होती आणि ती नको त्या वेळी जिभेवर आली. पोरगी म्हणाली, "काका, मी त्यांच्यापाशीच बसलेय." मी फोन ठेवला, पण आतून काही हललं नाही. तिसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. त्या वाचल्या, आणि मग दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मी भोकाड पसरलं. सरांच्या पुण्यानुमोदनाच्या सभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेही जमलं नाही. माइक हातात घेऊन नुसता उभा राह्यलो. म्हणून हे लिहितोय. आणखी एक कारण आहे, ते शेवटी सांगतो.

वडीगोद्रीच्या फाट्यावर माझं खता-बियाण्याचं दुकान. सत्तरच्या दशकात त्या दुकानात पेपरची एजन्सीही होती. एजन्सी म्हणजे काय, चारच्या एसटीच्या टपावरून एक गठ्ठा खाली पडायचा, एवढंच. त्यात औरंगाबादचे मराठी पेपर आणि हैदराबादचा एक उर्दू पेपर, दोन दिवस शिळा. तो एकट्या काशिनाथ साळवे सरांसाठी. सर गावच्या शाळेत गणित शिकवायचे. माझ्याहून चार-पाच वर्षांनी थोरले. निजामाच्या राज्यात त्यांची पहिली इयत्ता उर्दूत झाली, त्यांच्या उर्दूच्या मास्तरांना क्रिकेटचं वेड, म्हणून सर हैदराबादच्या संघाचे. मी महाराष्ट्राचा. आमच्या दोघांपैकी एकानंही मैदान पाहिलेलं नव्हतं. रेडिओवर राज्याराज्यांच्या सामन्यांचं धावतं वर्णन आमच्यापर्यंत कधी आलं नाही. सामना तिकडे काल संपलेला असायचा, आमच्यासाठी तो चार वाजता गठ्ठ्यात बांधलेल्या अवस्थेत यायचा आणि तिथून पुढे सुरू व्हायचा.

नियम एकच. दोघं असल्याबिगर गठ्ठा सोडायचा नाही. आणि सोडायचा तो सरांनी. मी ब्लेड काढलं की ते हात धरायचे. युरियाच्या पोत्यावर बसून सुतळीची गाठ नखानं सोडवत राहायचे... पाच मिनिटं, सात मिनिटं. माझा इकडे जीव चाललेला. महाराष्ट्राच्या चार विकेट शिल्लक, ऐंशी धावा पाहिजेत, आणि हा माणूस गाठ सोडून राह्यला! "अहो सर, कापा की." "कापली की वाया गेली, बापूराव. सामना कुठं पळून न्हाई चालला." सुटलेली सुतळी ते एका गुंड्यावर गुंडाळायचे आणि मगच पान उघडायचे. पुढचा तासभर आम्ही असे भांडायचो की रस्त्यावरचे ट्रकवाले चहा हातात घेऊन ऐकत उभे राहायचे.

"निजाम जाऊन पंचवीस वर्षं झाली सर, तुमचा संघ काही जाईना," मी म्हणायचो.

"मंग तुमच्या महाराष्ट्रात आपला माणूस कोण हाय ते दाखवा. वाचा नावं. सगळे पुण्याकडचे. मराठवाड्याचा एक तरी?"

"आन् तुमच्या हैदराबादेत?"

"तिथं बी न्हाई. पण ते आपल्याला आपलं म्हणत बी न्हाईत. त्यांचं बरं हाय, फसवत न्हाईत."

याला माझ्याकडे उत्तर नसायचं, आणि उत्तर नसलं की माझी जीभ जास्त चालते. हा रोग घराण्यातला नाही, स्वकमाईचा आहे.

शाळेच्या फाटकाशी एक काळा फळा होता, वार्ताफलक. रोज सकाळी सर त्यावर खडूनं बातम्या लिहायचे, मोत्यासारख्या अक्षरात. पोरांपेक्षा गावच जास्त वाचायचं. सरांचा कायदा असा की स्वतः छापलेलं वाचल्याशिवाय फळ्यावर काही जायचं नाही. कोणी येऊन सांगितलं, अमका मंत्री गेला, तरी सर विचारायचे, "कुठं छापलंय?" तेव्हा मला तो हट्ट वाटायचा. धम्म स्वीकारलेल्या वस्तीतून आलेला त्या शाळेतला हा पहिला शिक्षक. गावात त्यांना 'सर' म्हणताना काही जणांची जीभ अजून अडखळायची. असा माणूस आपल्या शब्दाला इतका का जपतो, हे कळण्याइतकी अक्कल मला नव्हती. ती पुढे आली, आणि सरांच्या खर्चानं आली.

तो हिवाळा. महाराष्ट्र-हैदराबाद सामना दुसऱ्या दिवशी सुरू होणार होता. त्या दिवशी नेमका एसटीत गठ्ठाच आला नाही. सर पोत्यावर रिकाम्या हातानं बसले आणि पुन्हा तेच, "तुमच्या संघात आपला कोण?" मी सकाळी जालन्याला गेल्तो. समोरून एक ट्रक गेला, त्याच्या कपाळावर 'जय मल्हार' लिहिलेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "हाय की! मल्हारी शिंदे. आपल्या शहागडचा. बारावा गडी म्हणून घेतलाय."

सर उभेच राहिले. "कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? जालन्याला स्टँडवर पेपर वाचला."

"तुम्ही स्वतः वाचलं?"

"या डोळ्यांनी."

त्यांच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "शहागडचा..." एवढंच म्हणाले. मला गुदगुल्या झाल्या. विचार केला, उद्या चार वाजता गठ्ठा येईल, सर नावं शोधतील, सापडणार नाही, आणि मग मी असा हसेन, असा हसेन... पण सर पहिल्यांदाच चार वाजेपर्यंत थांबले नाहीत. सामना सकाळी सुरू होतो, पोरांना सकाळीच कळायला पाहिजे, म्हणून नऊला फळ्यावर रंगीत खडूनं उमटलं: 'अभिनंदन! आपल्या शहागडचे मल्हारी शिंदे महाराष्ट्र संघात.' अकराला सरपंच जीप घेऊन दुकानासमोर हजर. सरपंच म्हणजे आमचे थोरले काका. "बाप्या, बस. शहागडला सत्कार करायला चाललोय. तिकडची गिऱ्हाइकं तुझ्या वळखीची हायत."

जीपमध्ये पुढे काका, मागे हेडमास्तर, सर आणि मी. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मांडीवर हार आणि नारळ, खिशात भाषणाचा कागद. मी सबबी शोधू लागलो. म्हटलं, "काका, पोरगं तर पुण्याला आसंल, घरी कसं सापडंल?" काका म्हणाले, "आईबाप तर हायत ना घरी!" पुढे म्हटलं, डिझेल कमी दिसतंय. ड्रायव्हर म्हणाला, टाकी फुल्ल हाय. उसाच्या बैलगाड्या आडव्या आल्या, वाटलं वाचलो. गाडीवाल्यांनी काकांना रामराम करून रस्ता दिला. सर माझ्या कानाशी झुकले आणि हळूच विचारलं, "बापूराव, डावखुरा का उजवा? भाषणात घालायचंय."

ती वेळ होती. तेवढं वाक्य मी बोललो असतो, 'सर, गाडी फिरवा, मी थाप मारली', तर आज हा लेख विनोदी झाला असता. मी म्हणालो, "डावखुरा."

गोदावरीच्या पुलापाशी जीप थांबली. हॉटेलवाल्यानं बोट दाखवलं, मल्हारी शिंदे त्या तिकडं, नदीच्या वाळूत. मला वाटलं, असेल बाबा खरंच कुणी, देव पावला! वाळूत टरबुजाच्या वाडीला डब्यानं पाणी घालत एक म्हातारा वाकलेला होता. सत्तरीचा असेल, एका डोळ्यात मोतीबिंदू. काकांना घाई फार, त्यांनी आधी हार घातला आणि मग विचारलं, "मल्हारी शिंद्याची वाडी हीच ना?"

"मीच मल्हारी."

"पोरगा कुठाय?"

"दोन पोरी हायत. नांदत्यात आपापल्या घरी."

"क्रिकेट कोण खेळतं मंग?"

"ते काय अस्तंय?" म्हातारा म्हणाला, आणि हार काढावा की राहू द्यावा या विचारात तसाच उभा राहिला.

हेडमास्तरांनी सरांकडे पाहिलं. पुलावरून कुणीतरी हसलं. आणि काका वळले. सकाळी जीपमध्ये बसताना ते 'या सर, बसा सर' म्हणाले होते. आता म्हणाले, "काय रे काशिनाथ, पेपर वाचता येतो का तुला?"

सरांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. चेंडू आपल्याकडे येतोय आणि झेलणारा कोण हे ठरायचंय, अशा नजरेनं. मी टरबुजाच्या वेलाकडे बघत राह्यलो. एक, दोन, तीन कळ्या मोजल्या. सर म्हणाले, "मी वाचलं नव्हतं, सरपंच साहेब. वाचल्याबिगर लिहिलं. चूक माझी हाय." नारळ म्हाताऱ्याच्या हातात दिला, वाकून नमस्कार केला, आणि परतीला जीपमध्ये बसले नाहीत. "मी एसटीनं येतो." पुलावर उभे राहिलेले ते मला जीपच्या मागच्या बाजूनं दिसत होते, लहान लहान होत गेलेले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर साध्या पांढऱ्या खडूनं: 'कालची बातमी चुकीची होती. – का. साळवे.' त्यानंतर फळा दुसऱ्या मास्तरांकडे गेला. चारच्या गाडीला सर यायचे बंद झाले. तो सामना कोण जिंकलं हे मला आजही ठाऊक नाही. मी ब्लेडनं सुतळी कापायचो, मराठी पेपर वाटायचो, उर्दू पेपर पोत्यावर तसाच पडायचा. दोनदा त्यांच्या घराकडे गेलो आणि वस्तीच्या तोंडाशीच सायकल वळवली. काय सांगणार होतो?

अडीच महिने गेले. एक दिवस दुकानात बी घ्यायला आलेला गावातला एक जण हसत म्हणाला, "काय शेठ, तुमच्या मास्तरनं आणखी कुणाला टीममधी घातलं का? जाऊ द्या, त्यांची झेप तेवढीच." 'त्यांची' म्हणताना त्यानं हातानं वस्तीच्या दिशेनं खूण केली. मी बी मोजत होतो, हात थांबला. मी जन्मभर थापा मारल्या, गाव म्हणालं, बाप्या वांड आहे. सरांची एकच चूक झाली, तीही माझी, तर ती अख्ख्या वस्तीच्या नावावर चढली. माझ्या थापेला गाव गंमत म्हणत होतं आणि सरांच्या चुकीला पुरावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शाळेच्या फाटकाशी गेलो, ओल्या फडक्यानं फळा पुसला आणि लिहिलं: 'मल्हारी शिंदेची बातमी खोटी होती. ती मी साळवे सरांना सांगितली. पेपर वाचला अशी शपथ घेतली. शहागडला गप्प बसलो.' खाली बापाच्या नावासकट सही. अक्षर असं की कोंबडी चालून गेलीय. गर्दी जमली. काका दुकानात आले, "एका मास्तरपायी घराचं नाव फळ्यावर घातलंस?" म्हणाले आणि दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मला काही वाईट वाटलं नाही.

पहिल्या दिवशी सर आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी पहिल्याच दिवशी ब्लेड ट्रंकेत टाकलं होतं आणि गठ्ठे न सोडता ठेवत होतो. गिऱ्हाईक शिव्या घालायला लागलं. पाचव्या दिवशी चारची गाडी गेली, धूळ बसली, आणि सर समोर. पोत्यावर बसले. एकामागून एक पाच गठ्ठ्यांच्या गाठी सोडवल्या. सुतळी गुंडाळली. शेवटची गाठ सुटल्यावर वर न बघता म्हणाले, "तुमचं अक्षर लई खराब हाय, बापूराव."

"हाय सर."

मग पान उलटत म्हणाले, "आन् तुमच्या मल्हारीचा गुडघा कसा हाय आता?"

कसला गुडघा, मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हाही जीभ ती जीभच. म्हटलं, "शेकून राह्यलाय. पण पुढच्या सामन्याला हजर."

तेव्हापासून मल्हारी आमचा. पुढं वर्षानुवर्षं महाराष्ट्राचा संघ छापून आला की सर अकरा नावं वाचायचे आणि शेवटी गंभीरपणे म्हणायचे, "बारावा, मल्हारी शिंदे, शहागड." मी कधी म्हणायचो, आज अमका लंगडतोय, मल्हारीला आत घ्या. सर बिलकुल ऐकायचे नाहीत. "बारावा हाय, बारावाच राहील. अकरांत घ्यायचं आसंल तर छापून आलं पाहिजे." मल्हारीनं दहा वर्षं पाणी नेलं, बॅटी नेल्या, एकदाही खेळला नाही. आमच्या भागाचं नशीब त्याच्या रूपानं बाहेर बसलेलं असायचं, आणि आम्ही दोघं त्याच्यावरून हसायचो. फळाही पुढे सरांकडे परत आला. हेडमास्तरच देऊन गेले.

सरांना शेवटचं भेटलो ते अंबडला, त्यांच्या घरी. आवाज खोल गेलेला. मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, "मल्हारी विचारत होता तुम्हाला." ते डोळे मिटून हसले. मग म्हणाले, "बापूराव, आता घ्या त्याला आत. लई बसवला भायेर."

"छापून आलं पाहिजे ना सर."

"मंग आणा छापून."

म्हणून हे लिहिलं. संपादकांना विनंती केली आहे की बाकी काय हवं ते कापा, पुढची ओळ कापू नका. महाराष्ट्राच्या अकरांत, डावखुरा गोलंदाज, मल्हारी शिंदे, शहागड.

पेपरचा गठ्ठा आता प्लास्टिकच्या पट्टीनं बांधून येतो, तिला गाठच नसते. तरी गल्ल्याशेजारी सरांचा सुतळीचा गुंडा आहे, नारळाएवढा. ही पुरवणी येईल त्या दिवशी गठ्ठा पोत्यावर ठेवून त्याला त्यातलीच सुतळी बांधणार आहे, पक्की गाठ मारून. आणि ती नखानं सोडवत बसणार आहे... पाच मिनिटं, सात मिनिटं, लागतील तितकी.