हिरवा व्हिलन आणि शनिवारची दुरुस्ती

आमच्या शेडमध्ये रंगाचे डबे कधी धुतले जायचे नाहीत. जुना रंग वाळला की त्यावर नवा ओतायचा. काही वर्षांनी डबा बाहेरून मोठा आणि आतून चहाच्या कपाएवढा व्हायचा. आमच्या किश्शांचंही तसंच झालंय. एक खरवडायला घेतला की खालून दुसरा निघतो, आणि मूळ पत्रा काही दिसत नाही.

मी नववीत शाळा सोडली आणि नाशिकला भद्रकालीच्या मागच्या गल्लीत नानांच्या शेडमध्ये लागलो. नाना म्हणजे गुलाबराव पेंटर. आमच्या गावातल्या एका टॉकीजचे सगळे बॅनर ते रंगवायचे. टॉकीजचं नाव सांगत नाही, कारण शेठ अजून आहेत आणि त्यांना आता वाचायला भरपूर वेळ आहे.

शेडमध्ये कामाची वाटणी ठरलेली. आग, रक्त आणि स्फोट मालेगावच्या रफिककडे. बंगले, गाड्या, डोंगर नामपूरच्या बापूकडे. कपडे माझ्याकडे, कारण मी लाजाळू आणि कपडे बोलत नाहीत. चेहऱ्याला मात्र नानांशिवाय कुणी हात लावायचा नाही.

आणि गंमत म्हणजे, या नानांनी आयुष्यात एकही पिक्चर बघितला नव्हता!

मुंबईहून फोटोंचा सेट यायचा, त्यावरून ते चेहरे काढायचे. हिरो गुलाबी, हिरॉईन पिवळसर, व्हिलन हिरवा. आम्ही विचारलं, "नाना, एखादा पिक्चर बघून तरी या."

"पिक्चर बघितला की माणूस हळवा होतो," नाना म्हणायचे. "अन् हळव्या माणसाला मिशी काढता येत नाही."

काकूंना, म्हणजे नानांच्या बायकोला, हे कारण पटलेलं नव्हतं. "हलवायाच्या बायकोला निदान चवीला तरी मिळतं," त्या म्हणायच्या.

* * *

आमच्याकडे शनिवारची दुरुस्ती नावाची एक पद्धत होती. ती जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

शुक्रवारी बाराच्या शोला मी, रफिक आणि बापू फुकट आत जायचो. पिक्चर बघायला नाही, शिट्ट्या ऐकायला. पब्लिक कोणावर शिट्ट्या मारतंय हे नानांना येऊन सांगायचं. शनिवारी सकाळी नाना शिडी लावून बॅनरवर चढायचे आणि पब्लिकच्या मताप्रमाणे पिक्चर दुरुस्त करायचे. हिरो पडला तर हिरो लहान. व्हिलन चालला तर व्हिलन मोठा. हिरॉईनच्या बहिणीने एकदा असा काही डान्स केला, की शनिवारी दुपारपर्यंत हिरॉईन अख्खी डोंगरामागे गेली.

एका पिक्चरमध्ये कुत्रा होता. देवळाली कॅम्पहून आलेल्या जवानांनी त्या कुत्र्याच्या एंट्रीला टॉकीज डोक्यावर घेतली. शनिवारी कुत्रा बॅनरवर हिरोपेक्षा हातभर उंच! बुधवारी मुंबईहून वितरकाचा माणूस आला, आणि खालून बघतच राहिला.

"हा कुठला पिक्चर?" त्याने विचारलं.

"तुमचाच," नाना शिडीवरून म्हणाले. "पब्लिकने बदललाय."

* * *

बापू साधा माणूस. पण पिक्चरचा परिणाम त्याच्यावर असा व्हायचा, की तो बघून बाहेर आलेला बापू आत गेलेल्या बापूला ओळखत नसे.

एका पिक्चरमध्ये हिरो आपल्या बापाची जमीन लाटणाऱ्या चुलत्याला गावाच्या चौकात लोळवतो. बापूच्या चुलत्याने बांध हातभर सरकवला होता. पिक्चर सुटला आणि बापू शेडकडे न येता सरळ सटाण्याच्या एसटीत बसला. जाताना रफिकला म्हणाला, "आता नामपूरला काय होईल ते पेपरात वाच."

आम्ही दोन दिवस पेपर वाचला. कांद्याचे भाव होते.

तिसऱ्या दिवशी बापू परत आला. खांद्यावर कांद्याची गोणी.

"काय झालं रे?"

"गेलो. दारात उभा राहिलो. डोळ्यांत डोळे घातले."

"मग?"

"काका म्हणे, उना का भाऊ? बस जेवाले."

"मग?"

"मग काय! बसलो."

पिक्चरमधल्या व्हिलनना कुणी 'बस जेवाले' एवढं जरी शिकवलं असतं, तरी तीन तासांचं काम दहा मिनिटांत आटोपलं असतं. पण मग आमच्या रफिकचं रक्त कोण विकत घेणार?

* * *

रफिकचंच सांगतो. तो स्वतःला निडर म्हणायचा. एकदा भुताचा पिक्चर लागणार होता. नानांनी पांढऱ्या साडीतल्या बाईचा चेहरा काढला, मी साडी काढली आणि रफिकने तिच्या तोंडातून असं रक्त सोडलं की बादलीच रिकामी झाली. रंगवताना गडी गाणी म्हणत होता.

शुक्रवारी त्याने पिक्चर बघितला. शनिवारी कामावर आला तो डोळ्यांवर हात धरून, भिंत चाचपडत. त्या बाईचा छोटा बॅनर शेडमध्ये वाळत होता ना!

"नाना, इसको उलटा करो. भिंतीकडे तोंड करो तिचं."

"अरे, तूच रंगवलीस की. तिच्या अंगावर तुझंच रक्त आहे," नाना म्हणाले.

"रक्त मेरा है नाना, आँखें तुमची हैं! सकाळपासून माझ्याकडेच बघतेय."

शेवटी मी तिला गोणपाट पांघरलं. त्यानंतर रफिक गोणपाटालाही घाबरायला लागला.

* * *

आता शेठ. टॉकीज शेठची, पण पिक्चरशी त्यांचं नातं नानांसारखंच. आत कधी गेले नाहीत. इंटर्व्हलला समोशाच्या काउंटरजवळ उभे राहायचे आणि तिथून पिक्चरची परीक्षा करायचे. समोसे संपले तर पिक्चर चांगला. एवढं सोपं शास्त्र.

एकदा एका पिक्चरला समोसे इंटर्व्हलच्या आधीच संपले. पुन्हा तळले, तेही संपले. शेठ खूश! त्यांनी पिक्चर आणखी एक आठवडा वाढवला. डोअरकीपर हळूच म्हणाला, "शेठ, लोक आत बसायलाच तयार नाहीत. म्हणून बाहेर खात उभे राहतात."

"काहीतरी आवडल्याशिवाय कोण थांबतं का?" शेठ म्हणाले.

याच शेठनी एक दिवस शेडमध्ये येऊन सांगितलं, "नाना, मुंबईला आता फ्लेक्स निघालंय. कॉम्प्युटरमधून छापून येतं. वास नाही, शिडी नाही, कटकट नाही. दिवाळीच्या पिक्चरला मागवून बघतो. जमलं तर पुढे सगळं तेच."

नाना ब्रश धूत होते. धूतच राहिले. शेडला त्या टॉकीजशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, हे शेठनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

* * *

माझ्यावरही एका पिक्चरचा परिणाम झाला होता, तो लगे हाथ सांगून टाकतो.

त्यात हिरो एका दमात मुलीला मनातलं सगळं सांगतो आणि ती हसते. मला वाटलं, अरे, एवढंच असतं होय! टॉकीजच्या कोपऱ्यावर मखमलाबादची एक मुलगी वडिलांबरोबर फुलं विकायला बसायची. नवा बॅनर चढला की त्याला घालायचा हार आम्ही तिच्याकडूनच घ्यायचो. मी सगळं वाक्य पाठ केलं. गेलो. ती म्हणाली, "काय पाहिजे?"

"हार," मी म्हणालो.

"नवा पिक्चर लागला?"

"नाही."

"मग हार कोणाला?"

आता काय सांगणार? तोंडात आलं ते बोललो. "नानांना."

तिचा चेहरा पडला. "अगंबाई! कधी गेले?"

मला 'नाही, तसं नाही' म्हणायचं होतं. पण पाठ केलेल्या वाक्यात ते नव्हतं. मी हार घेतला आणि मान खाली घालून निघालो. त्यामुळे तिची तर खात्रीच पटली.

संध्याकाळी तिचे वडील टोपी हातात घेऊन शेडवर भेटायला आले. दार नानांनीच उघडलं!

* * *

दिवाळी आली. फ्लेक्स आलं. गुळगुळीत, चकचकीत, आणि दोन माणसांनी अर्ध्या तासात बांधलंसुद्धा. वीस फुटी हिरो, हातात बंदूक. खाली कोपऱ्यात इतर मंडळी ताटाएवढी. आम्ही चौघे खाली उभे राहून बघत होतो. रफिक म्हणाला, "आग तो अच्छी लगाई है सालों ने."

त्या शुक्रवारी नानांना काम नव्हतं. काकूंनी नवी साडी नेसली आणि म्हणाल्या, "आता तरी चला. आता मिशी बिघडायची भीती नाही ना?"

बाराच्या शोला नाना आणि काकू आमच्या पुढच्या रांगेत बसले. अंधार झाला. हिरो पडद्यावर आला. पब्लिकने शिट्ट्या मारल्या आणि त्या गोंधळात नानांचा आवाज आला, "कान चुकलाय!"

"अहो, हळू," काकू म्हणाल्या. "तो खरा माणूस आहे!"

"मग खऱ्याचा चुकलाय. मी असा नाही काढत."

मागून कोणीतरी ओरडलं, "ए आजोबा, शिडी आणू का?"

अर्धा तास नाना नाकं, भुवया आणि हनुवट्या तपासत होते. मग हिरोचा बाप आला. आम्ही चमकलो. हा तर नेहमीचा व्हिलन! वीस वर्षं ज्याने आया-बहिणींना पळवलं, गोदामं जाळली, तोच यात म्हातारा बाप झाला होता. मुलगा शहरात गेलाय, आणि हा रोज डबा घेऊन एसटी स्टँडवर त्याची वाट बघतोय. शेवटची गाडी येते. मुलगा उतरत नाही. म्हातारा डबा उघडतो, एक घास खातो, आणि झाकण लावून तो मांडीवर ठेवून बसतो. बस. बंदूक नाही, डायलॉग नाही.

टॉकीजमध्ये एक शिट्टी नाही. समोसेवाला आत आला होता, तोही ट्रे धरून उभा.

नाना काकूंना म्हणाले, "हा तर चांगला माणूस आहे गं."

"मग?"

"मी वीस वर्षं याला हिरवा रंगवला."

* * *

पुढे हिरोने शंभर माणसं मारली, पण पब्लिक कंटाळून खुर्च्या वाजवायला लागलं. बाहेर पडताना जो तो त्या बापाबद्दलच बोलत होता. संध्याकाळी शेठ शेडवर हजर!

"नाना, दुरुस्ती पाहिजे. बाप मोठा करा."

"फ्लेक्सवाल्यांना सांगा की," बापू म्हणाला.

"ते म्हणतात आठ दिवस लागतील. आठ दिवसांत पिक्चर राहील का?" शेठ खुर्ची शोधायला लागले. शेडमध्ये खुर्ची नव्हती. "नाना, एवढं करा. पब्लिक ओढलंत तर फ्लेक्सचा विषय बंद. नाहीतर मग मलाही इलाज नाही."

नानांनी जुन्या चौकटीवर नवं कापड ताणलं आणि मला म्हणाले, "गव्हाळ बनव."

मी हिरव्याचा डबा सवयीने पुढे केला होता. तो त्यांनी पायाने बाजूला सारला.

शनिवारी दुपारी आम्ही तो चेहरा फ्लेक्सवरच्या हिरोच्या पुढे बांधला. दाढीचे पांढरे खुंट, गव्हाळ गाल, डोळे रस्त्याकडे लागलेले. नानांनी तसा चेहरा त्याआधी कधी काढला नव्हता. आम्ही तिघे खाली उतरून पब्लिकची वाट बघायला लागलो, नाना शिडीवरच राहिले.

पहिला रिक्षावाला थांबला. वर बघून त्याने टोपी काढली. "कुणी पुढारी गेला काय?"

दुसरा म्हणाला, "श्रद्धांजली लिहायचं राहिलं वाटतं."

कॉलेजची पोरं आली. "पिक्चर बदलला का हो?" आणि पुढे निघून गेली. एकानेही त्याला ओळखलं नाही! बॅनरवर अख्ख्या नाशिकने त्याला हिरवाच बघितला होता.

शेठ धावत बाहेर आले. "अहो नाना, गालाला जरा हिरवा मारा! लोकांना कळू तर द्या हा कोण आहे. दोन हात मारा, पाच मिनिटांचं काम!"

"नाही मारणार."

"मग सोमवारपासून फ्लेक्सच. कायमचं. आधीच सांगितलंय मी."

नाना वर होते. ते एकेक पायरी सावकाश उतरले. शिडी भिंतीवरून काढली, खांद्यावर घेतली. आम्हाला वाटलं, संपलं. रफिकने डबे उचलायला सुरुवातसुद्धा केली.

"शेठ," नाना म्हणाले, "तुम्ही आधी पिक्चर बघा. मग सांगा कुठे हिरवा मारू ते."

"मी? पिक्चर?"

"तीनचा शो आहे."

शेठनी आमच्याकडे बघितलं, डोअरकीपरकडे बघितलं. मग आपल्याच टॉकीजचं दार कुठल्या बाजूला उघडतं हे विचारून आत गेले.

काकू डबा घेऊन आल्या. नानांनी तो घेतला, पण उघडला नाही. शिडी खांद्यावरून खाली ठेवायलाही तयार नव्हते. इंटर्व्हल झाला. समोशाच्या काउंटरजवळ शेठ दिसले नाहीत.

सहाला शो सुटला. पब्लिक बाहेर पडलं, पांगलं. सगळ्यात शेवटी शेठ आले. रुमाल चष्म्याखाली गेलेला. रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि मान वर करून त्या चेहऱ्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले. आम्ही त्यांच्याकडे बघत उभे.

मग तिथूनच त्यांनी हाक मारली.

"नाना, फ्लेक्स नको. पण डावा कान चुकलाय!"

नानांनी शिडी भिंतीला लावली आणि मला म्हणाले, "गव्हाळ आण."