परवा म्हणजे नेमकं कधी?

दोन सीट मिळाल्या होत्या आणि त्यांचा होल्ड साडेनऊपर्यंत होता. माझ्या घड्याळात आठ पन्नास झाले होते. ‘कन्फर्म’वर क्लिक करायचं, की सुधीर आणि मेधा केळकर बोनेरहून घरी निघणार.

बोनेर हे कॅरिबियनमधलं एक छोटं बेट. सिंगापूरच्या क्वीन्सटाउन भागातल्या आमच्या छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात मी डायव्हिंग ट्रिप्स बघते. एरवी आमची माणसं मलेशियाला किंवा इंडोनेशियाला जातात, बोटीने समुद्रात जाऊन उड्या मारतात. इतक्या लांबचं बेट कोणी मागत नाही. केळकरांनी मागितलं, त्याचं कारण मेधाताई.

दोघांनी डायव्हिंगचा कोर्स एकत्र केला. सुधीररावांना ते जमलं. मेधाताई मात्र प्रत्येक ट्रिपला बोटीत बादली धरून बसायच्या. ऑफिसात आल्या तेव्हा म्हणाल्या, “मला पाण्याचा त्रास नाही हो, बोटीचा आहे. रस्त्यावरून चालत समुद्रात जाता येईल, असं काही आहे का?”

आहे. त्याला शोअर डायव्हिंग म्हणतात. बोनेरला पिकअप ट्रक भाड्याने घ्यायचा, मागे सिलिंडर टाकायचे आणि किनाऱ्याच्या रस्त्याने जायचं. पिवळा रंग दिलेला दगड दिसला की तिथे डाइव्ह साइट. ट्रक उभा करायचा, जाड तळव्यांचे बूट घालून खडकांवरून जपून चालायचं आणि पाण्यात शिरायचं. बोटीचा संबंध नाही.

केळकर वर्षअखेरीस कायमचे पुण्याला परत जाणार होते. पुण्याहून हे बेट पुन्हा होणं कठीण. दोघांनी एकत्र पाण्यात जायची ही एकच संधी होती. मी चार पानी चेकलिस्ट केली. सुधीरराव म्हणाले, “अनघाताई, यात श्वास घ्यायचं राहिलंय.” मी सांगितलं, “पान तीन, सिलिंडरखाली बघा.”

तिथे पोचल्यावर मेधाताईंना सर्दी झाली, एवढं मला कळलं होतं. सर्दीत कानातला दाब सुटत नाही, म्हणून डायव्हिंग बंद. पुढे काय झालं ते कळलं नव्हतं.

आणि त्या बुधवारी सकाळी एअरलाइनची मेल आली. शनिवारची परतीची फ्लाइट रद्द. पर्याय दोन. एक, बोनेरच्या उद्या सकाळी सातला. दुसरा, पुढच्या मंगळवारी. सोमवारी सुधीररावांच्या प्रोजेक्टचं गो-लाइव्ह होतं, त्यांना ऑफिसात हजर राहणं भाग होतं, म्हणजे मंगळवार बाद. मी सकाळच्या सीट होल्ड केल्या.

पण डायव्हिंगचा एक पक्का नियम आहे. पाण्याखाली दाबामुळे रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडतो. त्याआधी विमानात चढलं, तर शरीरात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सोड्याची बाटली एकदम उघडावी तसं. माणूस जायबंदी होऊ शकतो. म्हणून शेवटचा डाइव्ह आणि विमान यांच्यात आमचं ऑफिस पूर्ण चोवीस तास ठेवतं.

मी सुधीररावांना व्हॉट्सॲप केलं. ‘शेवटचा डाइव्ह कधी?’ फ्लाइटचं मुद्दाम लिहिलं नाही. सीट हातात आल्याशिवाय सुट्टीवरच्या माणसाला कशाला घाबरवायचं? ताबडतोब उत्तर आलं. ‘परवा. मेधासोबत.’

मला बरं वाटलं. मेधाताईंची सर्दी गेली, दोघं परवा एकत्र पाण्यात जाऊन आली. चोवीस तास कधीच उलटले होते. चेकलिस्टवर टिक केली आणि माउसकडे हात नेला.

शेजारच्या टेबलावर नूरुल बसते. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मला ‘काक’ म्हणते. मलयमध्ये काक म्हणजे ताई. मी सुरुवातीला तिला सांगितलं होतं, “आमच्याकडे नुसतं काक म्हणजे कावळा.” तेव्हापासून जास्तच म्हणते. कोणत्याही बुकिंगवर दोघींच्या सह्या लागतात, म्हणून ती फॉर्म भरत होती.

“लास्ट डाइव्ह डेट, काक?”

“परवा.”

“इंग्लिश, प्लीज.”

“डे बिफोर यस्टरडे,” मी म्हणाले. आणि उगाच, भाषेचं कौतुक म्हणून, पुढे जोडलं, “डे आफ्टर टुमॉरो पण परवाच. आमच्यात एकच शब्द.”

नूरुलचं पेन थांबलं. “एक शब्द, दोन दिवस? हाऊ कॅन?”

“वाक्यावरून कळतं गं.”

“ओके. मग वाक्य दाखव लाह.” हे ‘लाह’ म्हणजे इथल्या इंग्रजीचं शेपूट.

मी फोन पुढे केला आणि स्वतःही पाहिलं. वाक्यात क्रियापदच नव्हतं. ‘गेलो’ नाही, ‘जाणार’ नाही. माझ्या प्रश्नातही नव्हतं. जन्मभर मराठी बोलणाऱ्या बाईने अर्धं वाक्य विचारलं होतं आणि तसंच अर्धं परत घेतलं होतं.

नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. आमच्यात आणि बोनेरमध्ये बरोबर बारा तासांचा फरक, म्हणजे तिथे मंगळवारचे रात्रीचे नऊ. सुधीरराव फोन उचलेनात. मी गेस्टहाउसच्या मालकीणबाईंना लावला.

“ते मागे अंगणात वेटसूट धुताहेत,” त्या म्हणाल्या. “आज दुपारी दोनदा पाण्यात गेले होते ना.”

आज दुपारी. सकाळी सातचं विमान. मी त्यांना लगेच बोलवायला सांगितलं.

सुधीरराव फोनवर आले. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “अहो, मी एकटाच जातोय रोज. मेधाला डॉक्टरांनी गुरुवारपासून परवानगी दिलीय. परवा, म्हणजे गुरुवारी, तिचा पहिला आणि शेवटचा डाइव्ह. मला वाटलं, तुम्ही तुमच्या चेकलिस्टसाठी विचारताय.”

मागून मेधाताईंचा आवाज आला. “अनघाताईंना म्हणावं, मला घरी नेऊ नका हो. मी अजून भिजलेसुद्धा नाही!”

मी होल्ड सोडला. नूरुलने तोवर नकाशा उघडला होता. शुक्रवारी दुपारी शेजारच्या कुरासाव बेटापर्यंत छोटं विमान, तिथून संध्याकाळी ॲमस्टरडॅम, रविवारी सिंगापूर. गुरुवारी सकाळी दहापर्यंत डाइव्ह संपला, तर चोवीस तासांच्या वर अंतर राहत होतं. बॉसने विचारलं, “हा कोणाचा रूट?” मी नूरुलकडे बोट दाखवलं.

गुरुवारी मेधाताई पिवळ्या दगडापासून चालत पाण्यात गेल्या. चाळीस मिनिटं खाली होत्या. सुधीररावांनी फोटो पाठवला. ओले केस, चेहऱ्यावर मास्कचा लाल वळ आणि हसू असं, की त्याला कॅप्शन लागू नये. सोमवारी सुधीरराव वेळेवर त्यांच्या ऑफिसात होते.

तो फोटो आमच्या बोर्डावर आहे. खाली नूरुलने लिहिलंय, ‘नो परवा’. डाइव्हची तारीख आणि वेळ आता आकड्यांत घेतली जाते, तिथल्या घड्याळाप्रमाणे.

महिन्याभराने मेधाताईंचा मेसेज आला. ‘परवा दोघी टॅम्पिनीसला आमच्या घरी जेवायला या.’ मी नूरुलला वाचून दाखवला. तिने विचारलं, “गेलो होतो का आपण?”

मी हसले, पण मेधाताईंना तारीख विचारली. माझ्या चेकलिस्टचा शेवटचा मुद्दा आता हाच आहे: मराठी मेसेज नूरुलला समजावून सांगणे. तिला समजला, तरच मला समजला.