त्याला रात्र लागते

मुलगी नोकरीसाठी जर्मनीला गेली तेव्हा तिने बारामतीच्या घरात दोन जीव मागे ठेवले. एक मी आणि दुसरा तिचा अजगर. अजगरासाठी तिने दोन पानं भरून सूचना लिहिल्या होत्या. माझ्यासाठी एक ओळही नव्हती. त्याचा मला राग आला होता, आणि तो मी तिला बोलून दाखवला नाही.

अजगर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शेळी गिळणारं धूड येतं. हा बॉल पायथन, आफ्रिकेकडच्या जातीचा, पूर्ण ताणला तरी माझ्या कमरेपर्यंत येईल एवढा. भ्याला की डोकं मध्ये घालून चेंडूसारखी गुंडाळी करतो. वनखात्याकडे नोंद केल्याचे कागद फायलीत आहेत. त्याचं खाणं, म्हणजे गोठवलेले उंदीर, पुण्याहून थर्माकोलच्या डब्यात येतं आणि फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी राहतं. हे कळल्यापासून गल्लीतल्या बायका माझ्याकडे चहा घेत नाहीत. तशाही त्या फार येत होत्या असं नाही.

सूचना सोपी होती. सकाळी सातला काचेच्या पेटीवरचा पांढरा दिवा लावायचा, संध्याकाळी सातला बंद करायचा. ऊब पेटीच्या खालच्या पट्टीतून मिळते, तिला हात लावायचा नाही. सकाळचं मला जमलं. संध्याकाळी मात्र देवापुढे दिवा लावून झालेला, उदबत्तीचा वास अजून घरात, आणि त्यात आपणच उठून घरातला एक दिवा मालवायचा? आयुष्यभर तिन्हीसांजेला दिवे लावत आलेली मी. हात पुढे जायचा नाही. आधी आठ वाजू लागले, मग नऊ, मग मी बंद करायचंच सोडलं.

त्यात थंडी पडली. माझा धाकटा भाऊ शेळगावहून डाळिंबं घेऊन आला. त्याचा कोंबड्यांचा पोल्ट्रीफार्म आहे, त्यामुळे जगातल्या सगळ्या जिवांचं त्याला कळतं अशी त्याची समजूत आहे. पेटीखालच्या पट्टीवर हात ठेवून त्याने नाक मुरडलं.

"अक्का, ह्यात कसली ऊब? आमी पिल्लांना रातभर बल्ब ठेवतो. उजेड आसला तरच ती खात्यात. अंधारात खाद्य दिसंल कसं?"

मला ते पटलं. पुढच्या खेपेला त्याने शेडमधला पिवळा बल्ब आणून पेटीच्या जाळीवर टांगून दिला. तेव्हापासून त्या पेटीत दिवसा पांढरा उजेड आणि रात्री त्याच्या जोडीला पिवळा. शिवाय दिवाणखान्यातली ट्यूब रात्रभर चालू असायचीच. आमचे हे गेल्यापासून मी आतल्या खोलीत झोपत नाही. तिथे त्यांची कॉट आहे. मी बाहेर दिवाणावर झोपते, ट्यूब लावून. अंधार झाला की घरातला एक माणूस कमी आहे हे फार जवळ येतं.

अजगराने खाणं सोडलं. चिमट्यात धरलेल्या उंदराकडे तो ढुंकून बघेना. दिवसभर आणि रात्रभर लाकडाच्या पोकळीत तोंड खुपसून पडलेला. त्याला पंधरा दिवसांनी एकदा खायला द्यायचं; अशी एक खेप गेली, दुसरी गेली, तिसरी गेली.

मुलीचा फोन रविवारी दुपारी येतो. ती पहिल्यांदा विचारते, "खातोय ना तो?" मी म्हणायची, "खातो की." जाताना तिने सांगितलं होतं की तुला झेपलं नाही तर पुण्यातली मैत्रीण त्याला घेऊन जाईल. पेटी गेली तर रविवारी आम्ही बोलणार कशावर? माझं गुडघ्याचं दुखणं दोन मिनिटांत संपतं. तो खात नाही हे कळलं की तो जाणार आणि त्याच्या मागोमाग फोनही आटणार, हे मला लख्ख दिसत होतं. म्हणून मी खोटं बोलत राहिले आणि तो वाळत गेला.

एका सकाळी पाण्याची वाटी बदलताना त्याच्या पाठीचा कणा वर आलेला दिसला. माझ्या एकटेपणापायी मी एक मुका जीव उपाशी मारत होते. त्या दिवशी रविवार नव्हता, तरी मीच फोन लावला आणि सगळं सांगितलं. खोटं बोलले तेही, बल्बचंही, ट्यूबचंही.

ती रागावली नाही. ते जास्त लागलं. मग हळू म्हणाली, "आई, ऊब वेगळी, उजेड वेगळा. ऊब त्याला पट्टीतून मिळते. तो अंधारात बाहेर पडणारा प्राणी आहे. त्याला रात्र लागते. तू त्याला दोन महिने रात्रच दिली नाहीस."

आठ दिवस बघू, ती म्हणाली. तरी नाही खाल्लं तर मैत्रिणीला पाठवते.

भावाचा बल्ब मी काढून ठेवला. राहिली ट्यूब. पेटीवर चादर टाकून पाहिली, तर आतली ऊब कोंडून पट्टीजवळच्या तापमापकावरचा आकडा चढू लागला. पेटी आत न्यायची तर दोन माणसं लागतात. आत जाऊन दिवा लावून झोपायची सोय होती, पण त्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन मी परत आले. मग देवापुढे दिवा लावला, हात जोडले, भाकरी लवकर खाल्ली, आणि सात वाजता पेटीवरचा दिवा आणि ट्यूब दोन्ही बंद करून दिवाणावर बसले. शेजारी मालिका चालू होती. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गाणी लावून गेली. देवाच्या खोलीचं दार लोटलं तेव्हा तो उजेडही गेला, आणि मी चक्क रडले.

सहाव्या दिवशी साडेआठच्या सुमाराला पेटीत सळसळ झाली. तो पोकळीतून बाहेर आला होता. उंदीर गरम पाण्यात ठेवून मी चाचपडत झाकण उघडलं, चिमटा पुढे केला. चिमट्याला असा हिसका बसला की माझ्या तोंडून "आई गं" निघालं. सकाळी त्याच्या पोटाशी चांगला फुगवटा दिसला.

रविवारी मी मुलीला सांगितलं. ती खूश झाली, मैत्रिणीला नको म्हणून कळवते म्हणाली. आता फोन ठेवणार असं वाटलं, तेवढ्यात तिने विचारलं, "आणि तुला? तुला झोप लागते का गं अंधारात?"

हे तिने पहिल्यांदाच विचारलं होतं.

"लागते की," मी म्हणाले.