आधी कॅप्सूल, मग विडी

बाळांनो, तुम्ही पाठवलेल्या अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल आजोबांना फारच मानवल्या. विडीच्या धुराने शरीरात फ्री रॅडिकल वाढतात, ते पेशींची नासधूस करतात आणि अँटिऑक्सिडंट त्यांना आवरतात, हे मीच समजावलं होतं. त्यांनी सोयीचा अर्थ काढला: आधी कॅप्सूल, मग विडी.

परवा नशिराबादच्या शेतात भरीत-पार्टी झाली. जेवणानंतर आजोबांनी सुपारी वाटावी तशा कॅप्सूल वाटल्या आणि मागोमाग विडीचं बंडल फिरवलं. शिंदखेड्याच्या मित्राने विचारलं, "भाऊ, हाई काय शे?"

"धूरनी दवाई शे. खा आनि वढ बिनधास!"

हसता हसता त्यांना असा ठसका लागला, की मी त्यांना तडक डॉक्टरांकडे नेलं.

"विडी सोडा," कॅप्सूलचा डबा बघून डॉक्टर म्हणाले. "विडी ओढणाऱ्याला असल्या काही गोळ्या उलट अपाय करू शकतात."

आजोबांनी त्याच संध्याकाळी कॅप्सूल सोडल्या. डॉक्टरांचं ऐकलं, असं आता सगळीकडे सांगत असतात, आणि त्यांचा खोकला मला स्वयंपाकघरात ऐकू येतो.

तेव्हा नवा डबा पाठवू नका. रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांना विडी सोडायला तुम्हीच सांगा. तुमचं ते ऐकतात.