रोहिदासदादांची पावलं

पुनावळ्यात शाळेसमोर रोहिदासदादांचं कोल्ड्रिंकचं दुकान आणि त्याला लागून माझं औषधांचं. मुलं त्यांच्याकडून बाटल्या न्यायची, दादा माझ्याकडून शुगरच्या गोळ्या. स्वतःही दिवसाला दोन बाटल्या रिचवायचे. मी टोकलं की म्हणायचे, तुझ्या गोळ्या खपतायत ना, मग गप बस.

शेत इमारतींखाली गेल्यापासून या माणसाला कशाचं काही वाटेनासंच झालं होतं. थोरल्या भावाचा, भैरूचा पाय शुगरपायी गुडघ्यापासून कापला, तेव्हाही ते दवाखान्यातून थेट दुकानात येऊन बसले. त्यांचेही तळपाय बधिर झाले होते. अनवाणी चालू नका, जखम चिघळली तर भावासारखा पाय जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं मला ठाऊक होतं. त्यांच्या बायकोला, इंदुताईंना, नव्हतं. सांगू नकोस म्हणाले आणि मीही शहाण्यासारखा गप्प राहिलो. त्याची मला आजही लाज वाटते.

एप्रिलातल्या एका दुपारी अन्न खात्याच्या तेजस्विनी मॅडम आल्या. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत असली गोड पेयं विकता येत नाहीत, असं सांगून त्यांनी टेप लावली. अंतर भरलं सेहेचाळीस मीटर.

दादांना ते पटेना. मोजणीदार चुकेल पण रोहिदासचं पाऊल चुकणार नाही, अशी एके काळी गावात त्यांची ख्याती. त्यांची पंचाहत्तर पावलं म्हणजे पन्नास मीटर. बांधावरचे कितीतरी तंटे त्यावर मिटलेले.

"म्या चालून दावतो," म्हणत त्यांनी चपला काढल्या. जमीन मोजताना पायात काही घालायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. मी हाका मारत बाहेर येईपर्यंत ते भर डांबरावर फाटकाशी पोहोचलेही होते. कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडणार नाही असं ऊन. दादा मात्र ओल्या वावरातून यावं तसे सावकाश, मोठ्यानं मोजत आले.

"ब्याऐंशी," ते म्हणाले. "पन्नासच्या वर भरतंय मॅडम."

चेहऱ्यावर ना जिंकल्याचा आनंद, ना वेदना. मॅडम त्यांच्या पायांकडे बघत होत्या. टेप बरोबरच होती. दादांचं पाऊल आखूड झालं होतं आणि ते त्यांनाच कळलं नव्हतं. दुकानाच्या पांढऱ्या फरशीवर ओले, लालसर ठसे उमटले होते.

तेवढ्यात इंदुताई जेवणाचा डबा घेऊन आल्या. ठसे बघून त्यांनी डबा तिथंच ठेवला, दादांना बाटल्यांच्या क्रेटवर बसवलं आणि खाली बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला. मी सगळं सांगून टाकलं.  

दवाखान्यात जायला रिक्षा बोलावली होती. ती येईपर्यंत मॅडमनी न सांगताच मी फ्रीज रिकामा करायला घेतला. दादांनी अडवलं नाही. ते रस्त्याकडे बघत होते. इंदुताई फोडांच्या कडेनं एकेका जागी बोट टेकवत होत्या.

"हितं कळतंय का?"

"न्हाई."

"आन् हितं?"

"न्हाई."

 दादांनी हुंदका ऐकला असावा. रस्त्यावरची नजर न काढताच ते म्हणाले, "व्हय. हितं कळतंय."

इंदुताईंचं बोट तेव्हा त्यांच्या पायावर नव्हतं. त्या पदरानं डोळे पुसत होत्या.